दूरचित्रवाणीवरील मनोरुग्णालय : प्रेक्षकाच्या जागेचा इतिहास

१

इ. स. १७३५ मध्ये विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका मुद्रित रूपात प्रसिद्ध केली. वडिलोपार्जित संपत्ती उधळणाऱ्या एका तरुणाच्या अधःपाताची ती कथा होय. तिच्यातील अखेरचे चित्र लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘बेडलम’ या नावाने रूढ झालेल्या वेड्यांच्या इस्पितळातील आहे. उघड्या अंगाने जमिनीवर पडलेला नायक, त्याच्या पायांतील बेड्या, कोठड्यांतून दिसणारे इतर रोगी हे सारे त्या चित्रात आहेच. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी खिळून राहते ती मागे उभ्या असलेल्या दोन स्त्रियांवर. उंची वस्त्रे परिधान करून त्या इस्पितळात सहलीला आल्या आहेत आणि एकीने पंखा चेहऱ्याआड धरला आहे. त्या काळी बेथलेममध्ये कोणालाही जाता येत असे. दानपेटीत काही नाणी टाकावीत आणि हिंडून रोगी पाहावेत, असा प्रघातच होता. १७७० मध्ये हा सर्रास प्रवेश बंद करण्यात आला.

मनोरुग्णालयाच्या नाट्यमय चित्रणाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा आरंभ या दोन स्त्रियांपासून करणे उचित ठरेल. अशा चित्रणाची समीक्षा बहुधा एकाच अंगाने केली जाते : रुग्णालय जसे आहे तसे दाखविले आहे की नाही, रोगाची लक्षणे शास्त्राला धरून आहेत की नाहीत. हा प्रश्न गौण नव्हे. तथापि त्याच्याहून मूलगामी असा दुसरा प्रश्न आहे, आणि तो प्रेक्षकाच्या जागेविषयीचा आहे. प्रेक्षक तेथे कोण म्हणून येतो, आणि मुख्य म्हणजे किती काळ थांबतो? मनोविकाराचे दुःख हे बव्हंशी काळाचे दुःख असते. ते वर्षानुवर्षे पुरते, ओसरते, पुन्हा उसळते. बेडलममधील त्या स्त्रियांचा अपराध त्यांनी वेड पाहिले हा नव्हता. घटकाभर पाहून त्या निघून गेल्या, हा होता. दूरचित्रवाणीची मालिका हा असा कथाप्रकार आहे की ज्यात प्रेक्षकाला पुनःपुन्हा त्याच जागी आणून बसविता येते. या सामर्थ्याचे त्या माध्यमाने मनोरुग्णालयाच्या संदर्भात काय केले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

अमेरिकेत या विषयाची भूमी वृत्तपत्रांनी आणि कादंबरीने तयार केली होती. १८८७ मध्ये नेली ब्लाय या पत्रकार स्त्रीने वेडाचे सोंग घेतले. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांनी तिला वेडी ठरविले आणि ब्लॅकवेल बेटावरील वेड्यांच्या आश्रमात तिची रवानगी झाली. तेथील दहा दिवसांचा वृत्तान्त तिने ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या पत्रातून प्रसिद्ध केला. पुढे १९४६ मध्ये मेरी जेन वॉर्ड यांची ‘द स्नेक पिट’ ही कादंबरी आणि १९४८ मध्ये तिच्यावरील चित्रपट आला. त्याच वर्षी अल्बर्ट डॉइच यांनी ‘द शेम ऑफ द स्टेट्स’ या ग्रंथात सरकारी मनोरुग्णालयांची दुरवस्था वेशीवर टांगली. १९५५ मध्ये अशा रुग्णालयांतील रहिवाशांची संख्या सुमारे ५ लाख ५८ हजार होती. त्या देशाच्या इतिहासातील तो उच्चांक होय. त्याच सुमारास क्लोरप्रोमॅझीन या औषधाचा वापर सुरू झाला आणि हे रोग औषधाने आटोक्यात येतील, अशी आशा पल्लवित झाली.

या आशेच्या वातावरणात वैद्यकीय मालिकांचे पहिले पर्व अवतरले. १९६१ मध्ये ‘डॉ. किल्डेअर’ आणि ‘बेन केसी’ या दोन मालिकांनी अमेरिकन घरांत डॉक्टराला नायकपद मिळवून दिले. त्यांच्या यशापाठोपाठ मनाचा डॉक्टर येणे क्रमप्राप्तच होते. ‘किल्डेअर’चे निर्माते नॉर्मन फेल्टन यांनी १९६२ मध्ये ‘द इलेव्हन्थ अवर’ ही मालिका एनबीसीवर आणली. वेंडेल कोरी यांनी रंगविलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. बॅसेट आणि जॅक जिंग यांनी रंगविलेला तरुण मानसशास्त्रज्ञ हे तिचे नायक होत. दुसऱ्या वर्षी कोरी यांच्या जागी राल्फ बेलामी आले. १९६३ मध्ये एबीसीने ‘ब्रेकिंग पॉइंट’ ही लॉस एंजेलिसमधील एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागावर आधारलेली मालिका सुरू केली. १९६४ मध्ये दोन्ही मालिका बंद पडल्या.

या मालिकांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. दर आठवड्याला एखादा पाहुणा नट रुग्ण म्हणून येतो. त्याच्या मनात काही तरी दडलेले असते. डॉक्टर धीराने आणि चातुर्याने ते उकलतो. उकल होताच रुग्णाची वाट मोकळी होते. वस्तुतः ही गुप्तहेरकथेचीच घडण होय. फरक एवढाच की येथे अपराध्याच्या जागी एखादी विसरलेली स्मृती असते आणि तपास संपताच शिक्षेऐवजी सुटका होते. फ्रॉइडच्या विचारातील जो भाग तासाभराच्या कथेत बसण्याजोगा होता, तेवढाच या मालिकांनी उचलला. डॉक्टर टिकतो, रुग्ण बदलतो. प्रेक्षकाला ज्याच्या सोबतीने आठवड्यामागून आठवडे घालवावयाचे, तो डॉक्टर असतो. रुग्ण हा त्याच्या दालनातून जाणारा पांथस्थ. सरकारी रुग्णालयांत राहणाऱ्या लक्षावधींना या पडद्यावर जवळजवळ स्थान नव्हते, कारण त्यांच्या कथेला तासाभरात शेवट नव्हता.

असे असले तरी या मालिकांना केवळ भाबड्या म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही. मनाचा आजार हा पापाचा किंवा कुळाच्या कलंकाचा विषय नसून उपचाराचा विषय आहे, ही गोष्ट त्यांनी घरोघरी पोहोचविली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. रुग्णाला कोंडवाड्यातून काढून समाजात परत आणावे, हे त्या कायद्याचे स्वप्न होते. नाटककाराची आणि राज्यकर्त्याची आशा एकाच जातीची होती. बरे होण्याचा क्षण दोघांनाही दिसत होता. बरे होत राहण्याची वर्षे दोघांच्याही हिशेबात पुरेशी धरलेली नव्हती. रुग्णालये रिकामी होत गेली. १९९४ पर्यंत तेथील रहिवाशांची संख्या सुमारे ७२ हजारांवर आली. परंतु बाहेर त्यांची वाट पाहणारी केंद्रे पुरेशा संख्येने कधीच उभी राहिली नाहीत, आणि अनेकांच्या वाट्याला रस्ता किंवा तुरुंग आला.

३

आशेच्या या चित्राला उत्तर मिळाले ते दूरचित्रवाणीबाहेरून. फ्रेडरिक वाइजमन यांनी मॅसॅच्युसेट्समधील ब्रिजवॉटर येथील गुन्हेगार मनोरुग्णांच्या संस्थेत चित्रित केलेला ‘टिटिकट फॉलीज’ हा अनुबोधपट १९६७ मध्ये पूर्ण झाला. त्यात निवेदन नाही, नायक नाही, उकल नाही. नागवे करून कोठडीत ठेवलेली माणसे, त्यांची थट्टा करणारे पहारेकरी, नळीने अन्न भरविणारा डॉक्टर, एवढेच आहे. रुग्णांच्या खासगीपणाचा भंग होतो, या कारणाने त्या राज्याच्या न्यायालयाने त्याच्या प्रदर्शनावर बंदी घातली. ती १९९१ मध्ये उठली आणि पुढील वर्षी तो दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला.

सरकारला आपली लाज झाकावयाची होती, हा आरोप सहज पटण्याजोगा आहे. तरीही बंदीच्या कारणात बेडलमचा जुना प्रश्न दडलेला होता, हे नाकारता येत नाही. ज्याला संमती देण्याचे भान नाही, त्याची नग्नता दाखवून अन्यायाला वाचा फोडावी काय? वाइजमन यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पडद्यासमोर बसलेला माणूस सुधारक म्हणून पाहत आहे की त्या दोन स्त्रियांप्रमाणे सहलीला आला आहे, हे ठरविण्याचे साधन दिग्दर्शकाच्या हाती नसते.

दुसरे उत्तर रूपकाचे होते. केन केसी यांची ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ ही कादंबरी १९६२ मध्ये, म्हणजे ‘द इलेव्हन्थ अवर’च्याच वर्षी प्रसिद्ध झाली; १९७५ मध्ये मिलोश फोरमन यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाचे चित्रण ओरेगनमधील सेलम येथील खऱ्याखुऱ्या मनोरुग्णालयात झाले. या कृतीत रुग्णालय हे सत्तेचे प्रतीक बनते. बंडखोर नायक वेडा नाहीच, आणि परिचारिका ही दडपशाहीची मूर्ती आहे. कृतीचे सामर्थ्य वादातीत आहे. मात्र रुग्णालयाचे रूपक झाले की रोग दिसेनासा होतो. वेडा हा अन्यायाने कोंडलेला शहाणाच होय, असे मानणे ही त्याच्या दुःखाला बगल देण्याचीही एक रीत आहे. अशा प्रकारे बरे करणारे, छळणारे आणि प्रतीक बनलेले अशी मनोरुग्णालयाची तीन रूपे १९७५ पर्यंत सिद्ध झाली होती. ज्या ठिकाणी माणसे दिवसामागून दिवस राहतात, ते रूप अद्याप यावयाचे होते.

४

ते स्कॉटलंडमधून आले. १९९४ मध्ये बीबीसीने डॉना फ्रॅन्शील्ड यांनी लिहिलेली ‘टेकिन ओव्हर द असायलम’ ही सहा भागांची मालिका प्रक्षेपित केली. खिडक्यांच्या दुहेरी काचा विकणारा एडी हा एक फिरता विक्रेता. ग्लासगोमधील सेंट ज्यूड नावाच्या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी नभोवाणी केंद्र चालविण्याचे काम तो हौसेने पत्करतो. सेंट ज्यूड हा ख्रिस्ती परंपरेत हताश झालेल्यांचा पाठीराखा संत. नाव योजताना लेखिकेने पुरेसा विचार केला आहे. उन्माद आणि विषाद यांच्यामध्ये हेलकावणारा कॅम्बेल, स्वतःला इजा करून घेणारी फ्रान्सिन, स्वच्छतेच्या ध्यासाने पछाडलेली रोझली, यंत्रांत रमणारा फर्गस ही मंडळी त्या केंद्राभोवती जमतात.

येथे मध्यवर्ती पात्र डॉक्टर नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल; पण तिच्यामुळे सारी रचना पालटते. एडीला कोणाला बरे करावयाचे नाही, कारण तसे करण्याची विद्याच त्याच्यापाशी नाही. त्याला फक्त गाणी लावावयाची आहेत. त्यामुळे रुग्ण हा सोडवावयाचे कोडे न राहता सहकारी होतो, आणि प्रेक्षक एडीच्या मागोमाग येऊन त्यांच्यात बसतो. मालिका खोटी आशा देत नाही. फर्गसचा अंत ती टाळत नाही. पण त्याच्या मृत्यूचे दुःख होते, भय वाटत नाही, कारण तोवर पाच-सहा आठवड्यांची ओळख झालेली असते.

मालिकेच्या नावातील ‘असायलम’ या शब्दापाशी अनुवादकाला थांबावे लागते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अभयस्थान असा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ वेड्यांचे इस्पितळ असा झाला. ‘आश्रम’ म्हटले तर भय निसटते, ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हटले तर अभय निसटते, आणि ‘मनोरुग्णालय’ या शास्त्रशुद्ध शब्दात दोन्ही नाहीत. फ्रॅन्शील्ड यांच्या मालिकेचा सारा प्रयत्न त्या शब्दातील पहिला अर्थ पुन्हा जागविण्याचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. उलट १९९९ मध्ये चॅनल फोरवर आलेल्या, ग्लासगोच्याच पार्श्वभूमीवरील एका मालिकेचे नाव होते ‘सायकोज’. स्वतः उन्माद-विषादाचा रोगी असलेला मनोविकारतज्ज्ञ तिचा नायक होता, आणि ही कल्पना धाडसाची होती. परंतु रुग्णांची बाजू घेणाऱ्या संस्थांना ते नावच अपमानकारक वाटले आणि आशयापूर्वीच नावाचा वाद पेटला.

५

पुढील वर्षी अमेरिकेत जे घडले, ते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण होय. ३० मार्च २००० रोजी एबीसीने ‘वंडरलँड’ ही मालिका सुरू केली. तिचे कर्ते पीटर बर्ग स्वतः ‘शिकागो होप’ या वैद्यकीय मालिकेत डॉक्टराची भूमिका केलेले नट होते. कथेतील रिव्हरव्ह्यू रुग्णालय हे बेलव्ह्यूचेच कल्पित रूप होते. ज्या वास्तूच्या डॉक्टरांनी नेली ब्लायला वेडी ठरविले होते, तिच्याच छायेत एकशे तेरा वर्षांनी ही कथा घडत होती. बर्ग यांनी बेलव्ह्यूमध्ये जाऊन तेथील कामाचे निरीक्षण केले होते. हातात धरलेला, अस्थिर कॅमेरा, एकमेकांवर आदळणारे संवाद, डॉक्टरांच्या मोडत चाललेल्या संसारांचे तुकडे यांमुळे अनुबोधपटाचा भास होत असे. उकलीची सुबक चौकट येथे नव्हती. वाइजमन यांची दृष्टी मालिकेच्या रूपात आणण्याचा तो प्रयत्न होता.

पहिल्याच भागात भ्रमिष्ट अवस्थेतील एक माणूस टाइम्स स्क्वेअरमध्ये गोळीबार करून माणसे मारतो. रुग्णालयात एका गर्भवती डॉक्टर स्त्रीच्या पोटात सुई खुपसली जाते. मनोरुग्णांच्या कुटुंबीयांच्या आणि हितचिंतकांच्या संघटनांनी, विशेषतः नामी या राष्ट्रीय संघटनेने, याविरुद्ध आवाज उठविला. हे चित्र हिंसेचे आणि निराशेचे आहे, उपचारांनी सावरलेल्या असंख्य माणसांना त्यात जागा नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यातच त्या वेळी ‘ईआर’ या अत्यंत लोकप्रिय मालिकेशी तिची गाठ होती. गुरुवारी रात्री दहाच्या त्या लढतीत ‘वंडरलँड’ टिकली नाही, आणि दोन भागांनंतर एबीसीने ती बंद केली. आठ भाग तयार होते. उरलेले सहा अमेरिकन प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यास २००९ साल उजाडले. एका उपग्रह सेवेने तेव्हा सर्व भाग दाखविले.

या वादात पक्ष घेणे वरवर पाहता सोपे आहे. कलेच्या स्वातंत्र्याचा कैवारी म्हणेल की संघटनांनी सत्याचा गळा घोटला. परंतु आक्षेप घेणाऱ्यांची बाजू क्षुद्र नव्हती. १९९९ च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर एका मनोरुग्णाने ढकलल्यामुळे एका तरुणीचा मृत्यू झाला होता, आणि त्यातून सक्तीच्या उपचारांचा नवा कायदा त्याच वर्षी झाला होता. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी मानसिक आरोग्यावरील अहवालात दोन गोष्टी नमूद केल्या होत्या : समाजातील एकूण हिंसेत मनोविकारांचा वाटा अल्प आहे, आणि तरीही मनोरुग्ण धोकादायक असतो ही लोकांची समजूत १९५० च्या तुलनेत वाढलेली आहे. कलंकाच्या भीतीने माणसे उपचारांपासून दूर राहतात, हेही त्या अहवालाचे प्रतिपादन होते. ज्या मातेचा मुलगा औषधे घेऊन नुकता नोकरीला लागला असेल, तिच्या शेजाऱ्याने ‘वंडरलँड’चा पहिला भाग पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहिले असते? या प्रश्नाला कलास्वातंत्र्याच्या घोषणेने उत्तर मिळत नाही.

तरीही मालिका बंद झाल्याने त्या मातेचे भले झाले काय? येथे मालिका या प्रकाराचा विशेष नडला. कादंबरीचे पहिले प्रकरण वाचून कोणी ती जप्त केली तर उरलेली प्रकरणे वाचकाला मिळत नाहीत, पण पहिले प्रकरण तर वाचून झालेले असते. ‘वंडरलँड’चे नेमके असेच झाले. भय आरंभी होते आणि ते लाखो घरांत पोहोचले. त्या भयाला ओळखीत परिणत करण्याची संधी नंतरच्या भागांत होती. ती साधली असती किंवा नसती. ते पाहण्याची मुभा मात्र प्रेक्षकाला मिळाली नाही. बर्ग यांची चूक वास्तव दाखविण्यात नव्हती. जे वास्तव विरळा घडते ते त्यांनी दारातच उभे केले, हा क्रमाचा दोष होता. पण प्रेक्षक खेचण्यासाठी पहिल्या घटकेतच स्फोट हवा, ही मागणी व्यापाराची, आणि आठवडाभरात आकडे न आल्यास दार बंद करावयाचे, हा नियमही व्यापाराचाच. बेडलमच्या दानपेटीने निदान आत आलेल्याला बाहेर काढले नव्हते.

६

भारतीय वाचकाला या साऱ्याच्या शेजारी एक परिचित कलाकृती आठवेल. १९५९ मध्ये असित सेन यांनी आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवरून ‘दीप ज्वेले जाई’ हा बंगाली चित्रपट केला; १९६९ मध्ये त्यांनीच तो ‘खामोशी’ या नावाने हिंदीत आणला. मनोरुग्णालयातील परिचारिका प्रेमाचा अभिनय करून रुग्णाला बरे करते. त्या अभिनयात तिचे स्वतःचे मन गुंतते, मोडते, आणि अखेरीस ती त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होते. सुचित्रा सेन आणि वहिदा रहमान या दोघींच्या अभिनयाने तो शेवट अविस्मरणीय झाला. शुश्रूषा करणारी आणि जिची शुश्रूषा करावयाची ती यांच्यातील भिंत येथे कोसळते. मात्र ती कोसळताच पडदा पडतो. कक्षाचे दार बंद झाल्यावर तिचे काय झाले, हे शोकान्तिकेला विचारावयाचे नसते.

हाच प्रश्न नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या एका कोरियन मालिकेने विचारला, हा मोठा अर्थपूर्ण योगायोग म्हणावा लागेल. ‘डेली डोस ऑफ सनशाइन’ या इंग्रजी नावाने ती जगभर गेली. मूळ नावाचा अर्थ ‘मनोरुग्ण कक्षातही सकाळ होते’ असा आहे. पूर्वी परिचारिका असलेल्या ली रा-हा यांच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे. या कक्षात खिडक्यांना पडदे नसतात, म्हणून इतर कक्षांच्या आधी येथे उजाडते, हा तपशील ज्याने तेथे पहाटेची पाळी केली आहे त्यालाच सुचावा. तिची नायिका दा-उन ही परिचारिका असून तिच्या परिचयाच्या एका रुग्णाने आत्महत्या केल्यावर तीही विषादात बुडते आणि दुसऱ्या एका रुग्णालयात दाखल होते. कथा बारा भागांची आहे, आणि हे सारे शेवटच्या क्षणी घडत नाही. त्यानंतरही भाग उरतात. ती हळूहळू सावरते, कामावर परतते, आणि तेव्हा रुग्णांचे नातेवाईकच हरकत घेतात : जी स्वतः रुग्ण होती, तिने आमच्या माणसांची शुश्रूषा कशी करावी? १९५९ च्या नायिकेला हा प्रश्न कोणी विचारूच शकत नव्हते, कारण ती परतलीच नव्हती. नातेवाइकांच्या त्या हरकतीत कलंक कसा काम करतो, हे जितक्या स्वच्छपणे दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसले असेल. आणि हरकत घेणारेही दुष्ट नाहीत, भ्यालेले आहेत, हेही मालिका विसरत नाही.

१९६२ पासून २०२३ पर्यंतच्या या प्रवासाला प्रगतीचे नाव देण्याची घाई करू नये. गोड उकल आणि भडक भय हे दोन्ही मार्ग अद्याप चालू आहेत, आणि कोरियन मालिकेतही समाधानाचा मध ठिकठिकाणी अंमळ अधिकच ओतलेला आहे. मात्र एक गोष्ट या उदाहरणांवरून स्पष्ट होते. मनोरुग्णालयाचे चित्रण सोज्ज्वळ आहे की उग्र, यावर त्याची नैतिक योग्यता ठरत नाही. ‘ब्रेकिंग पॉइंट’ सौम्य होती, तरी रुग्ण तिच्यातून झरझर निघून जात. ‘टेकिन ओव्हर द असायलम’मध्ये मृत्यू आहे, तरी ती माणसे जवळची होतात. हॉगार्थच्या चित्रातील त्या दोन स्त्रियांपैकी एखादी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली असती, तिसऱ्या दिवशीही आली असती, आणि जमिनीवर पडलेल्या त्या माणसाचे नाव तिला कळले असते, तर तिने पंखा किती दिवस चेहऱ्याआड धरला असता? मालिकेला तिला रोज परत आणता येते. या विषयावर पुढे लिहिणाऱ्यांनी हे सामर्थ्य कशासाठी वापरले, यावरच त्यांच्या कृतींचे मोल ठरावे.